जागेवर टाके आढळून आले नाही

परवा माझ्या नातवानं घराचा नकाशा मंजुरीला दिला, तो परत आला. कारण काय, तर नकाशात पावसाचं पाणी साठवायचं टाकं दाखवलेलं नाही. आधी टाकं दाखवा, मग घराला मंजुरी. नातू हसत हसत सांगत होता, आणि इकडे माझं डोकं असं फिरलं की सूनबाईनं घाईघाईनं पाण्याचा गिलास आणून हातात दिला.

"आबा, तुमाले कायले राग येऊन राह्यला? एक चौकोन तं काढाचा हाय," नातू म्हणाला.

एक चौकोन! अरे लेका, त्या एका चौकोनासाठी एका माणसानं या गावात तीन वर्षं चपला झिजवल्या. आणि तो चौकोन ज्या टेबलावर अडला, त्या टेबलामागं तुझा हाच आबा बसला होता. नातवाला हे सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

ते आमचे मास्तर. गावाचं नाव सांगत नाही, वाशीमकडचं आहे एवढं पुरे. गावात मास्तर बरेच होते, पण नुसतं 'मास्तर' म्हटलं की हेच. गणित आणि भूगोल शिकवायचे. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, कोटाच्या खिशात मोजायची टेप. टेप कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "डोळा खोटं बोलतो." मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं होतो. गणितात पक्का ढ, पण माझं अक्षर चांगलं. त्यांनीच बोरू तासून देऊन ते वळवलं होतं. माझी वही वर्गात उंच धरून ते म्हणायचे, "पाहा रे. उत्तर चुकलेलं आहे, पण किती सुंदर चुकलेलं आहे!" सारा वर्ग हसायचा, आणि मला वाटायचं आपलं कौतुकच झालं.

याच अक्षरावर मला नोकरी लागली. मास्तरांनी चिठ्ठी दिली, नगरपालिकेतल्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, दोन ओळी लिहून घेतल्या आणि बांधकामाच्या टेबलावर बसवलं. राहायला जागा नव्हती तर मास्तरांनीच आपल्या घराची पुढची खोली दिली. तेव्हा ते पेन्शनीत निघाले होते. घरात ते आणि काकू, दोघंच. मूलबाळ नव्हतं.

मास्तरांच्या तऱ्हा सांगायला बसलो तर दिवस पुरायचा नाही. त्या काळी सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, दर सालचा नवा. एका साली बिल्ले छापूनच आले नाहीत. साऱ्या गावाच्या सायकली जुन्या बिल्ल्यावर बिनघोर फिरत होत्या. मास्तर मात्र सायकल हातात धरून चालत. "मास्तर, पंचर झाली का?" लोक विचारायचे. "नाही, मुदत संपली." नवे बिल्ले येईपर्यंत त्यांनी पेडलवर पाय ठेवला नाही. मी म्हणालो, "मास्तर, मग सायकल घरीच ठेवा ना." तर म्हणाले, "सवय मोडेल तिची."

काकूंचं माहेर रिठदचं. तिथून तुरीची डाळ घेऊन येताना जकातीच्या चुंगी नाक्यावर मास्तर बैलबंडी थांबवायला लावायचे. नाक्याचा बाबू दुपारचा डुलकी काढत असायचा. त्याला हलवून उठवायचे आणि पिशवी पुढं धरायचे, "डाळ आहे. तोला." तो बिचारा हात जोडायचा. "मास्तर, घरच्यासाठी हाय ना? जा ना बाप्पा!" मास्तर म्हणायचे, "लेखी द्या, की घरच्यासाठी असेल तर जाता येतं."

'लेखी द्या' हे त्यांचं पालुपद. दूधवाल्याला लेखी द्या, न्हाव्याला लेखी द्या. काकूंनी गूळ संपल्याचं सांगितलं तरी तोंडातून तेच निघायचं. काकू चुलीपुढून ओरडायच्या, "लेखी द्याले मले लिहिता येते काय? साऱ्या गावाची पोट्टी शिकोली, घरच्या बायकोले एक अक्षर नाही शिकोलं!" यावर मास्तर उठून अंगणात जायचे आणि पाऊस मोजायचे.

पाऊस मोजायचं खूळ जुनं. अंगणात तुपाचा एक रिकामा डबा पुरलेला. पाऊस झाला की त्यात पट्टी बुडवून माप घ्यायचं आणि न्हाणीच्या भिंतीवर कोळशानं लिहायचं. अशी कैक वर्षांची भिंत भरली होती. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी एक दिवस टिनाचं छप्पर टेपनं मोजलं, भिंतीवरचे आकडे मांडले, गुणाकार केला आणि हिशेबाचा कागद घेऊन माझ्या खोलीत आले.

"ऐक. आपल्या टिनावर जेवढं पाणी पडतं ना, ते जर एका टाक्यात धरलं, तर दोन माणसांचं पिण्याचं पाणी वर्षभर पुरून उरतं. ते कुठं जातं माहीत आहे? अंगणातून नालीत. तिथं त्याचे डास होतात आणि रात्री मलाच चावायला परत येतात."

बोलले ते डासांचं, पण टाकं कोणासाठी हवं होतं ते मला कळत होतं. आमच्या आळीत नळ नव्हता. पाणी वेशीजवळच्या विहिरीवरून आणायचं, जायला चढ, यायला उतार. काकूंच्या कमरेत दुखणं भरलेलं. डोक्यावर घागर, कडेवर पितळेचा गुंड, आणि एक पाय ओढत त्या यायच्या. मास्तरांना अंतर्गळ, वजन उचलायला डॉक्टरची मनाई. तरी ते बकेट उचलायला जायचे आणि काकू हातातून हिसकावून घ्यायच्या. पाणी भरायला माणूस ठेवणं पेन्शनीत बसत नव्हतं. मी? मी रविवारी दोन घागरी आणून द्यायचो आणि आठवडाभर तोच उपकार मिरवायचो.

पन्हाळी लावून टिनाचं पाणी टाक्यात सोडायचं, एवढं साधं काम. दुसरा कोणी असता तर आठ दिवसांत झालं असतं. पण हे मास्तर. म्हणाले, "रीतसर परवानगी काढू."

आता आमच्या गावाची बांधकामाची रीत सांगतो. शनिवारी ऑफिस बंद झालं की पाया खणायचा. सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत भिंत कमरेला लागलेली असायची. मग ऑफिस नोटीस काढणार, मालक हात जोडून येणार, थोडा दंड भरणार आणि 'बांधकाम कायम करण्यात येत आहे' असा शिक्क्याचा कागद घेऊन जाणार. याला गावात म्हणायचे परवानगी. माझ्या टेबलाच्या खणात जेवढे छापील फॉर्म होते ते सारे नोटिशीचे, नाही तर दंडाचे. आधी विचारायला येणाऱ्यासाठी फॉर्मच नव्हता. आधी विचारायला कोणी आलंच नव्हतं!

त्यामुळे मास्तर अर्ज घेऊन आले तेव्हा बडे बाबूंनी चष्मा काढून पुसला.

"मास्तर, हे काय हाय?"

"टाकं बांधायचं आहे. परवानगीचा अर्ज."

"मंग बांधा ना बाप्पा! बांधून झालं की या."

"आधी बांधलं आणि तुम्ही नाही म्हणालात तर?"

"आमी कायले नाही म्हनू?"

"मग आत्ताच हो म्हणा."

"आत्ता कसं हो म्हनू? आत्ता टाकं कुठी हाय?"

मी हसू दाबत होतो. खरंच सांगतो, पहिल्या वर्षी मला या साऱ्याची गंमत वाटायची. संध्याकाळी मित्रांना नकला करून दाखवायचो.

पहिला शेरा आला, 'अर्जदार हा घराचा मालक नाही.' खरंच होतं. घर काकूंच्या वडलांनी बांधून काकूंच्या नावानं केलेलं. काकूंचा अंगठा चालला असता, पण मास्तरांना आपल्या घरातून अंगठ्याचा कागद जाणं पटेना. मग पाटी आली. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, मास्तर मांडी घालून बसायचे, समोर काकू, आणि काकूंच्या हातात पेन्सिल. त्यांना नाव लिहायला शिकवणं चाललं होतं.

"तीस वर्सं झाली लगनाले," काकू म्हणायच्या, "तवा नाही आठोली मी. आता टाक्यासाठी आठोली व्हय?"

"रेघ सरळ ओढ," मास्तर म्हणायचे. पण आवाज खाली आलेला असायचा.

दोन महिन्यांत काकू सही करायला लागल्या. शिकल्या तशा चुलीच्या राखेत, पिठाच्या परातीत, दिसेल तिथं नाव लिहायच्या. नव्या अर्जावर पहिली सही केली तेव्हा मास्तरांनी तो कागद वाळायला अर्धा दिवस पाटावर ठेवला होता. मला तेव्हाही गंमतच वाटली.

अर्ज आत गेला. आमच्या रजिस्टरात रकाने होते पाच. घर, गोठा, भिंत, विहीर, संडास. टाक्याचा रकाना नव्हता. बडे बाबूंनी विचार केला, पाणी म्हणजे विहीर, आणि टाकं विहिरीच्या रकान्यात घातलं. झालं! शेरा आला, 'किती खोलीवर पाणी लागेल ते नमूद नाही.' मास्तर टेबलासमोर उभे राहून शांतपणे सांगत होते, "पाणी वरून येणार आहे, बडे बाबू. खालून नाही." बडे बाबूंनी ते लेखी मागितलं. मास्तरांनी लेखी दिलं. 'टाक्यातील पाणी वरून येईल' असा खुलासा, दोन प्रतींत. त्या कागदावर आवक नंबर टाकून मी तो फायलीला लावला.

मग राज्यच बदललं. अर्ज केला तेव्हा आम्ही नागपूरच्या राज्यात होतो, उत्तराची वाट पाहता पाहता मुंबईच्या राज्यात गेलो. बडे बाबूंना आयतं कारण मिळालं. "मास्तर, जुने नियम राह्यले का गेले, तेच आमाले मालूम नाही. मुंबईचं काई येऊ द्या." मुंबईचं काही येईना. पण एक सांगतो, त्या सालातही गावात शनिवारी पाये खणले जात होते आणि सोमवारी नोटिशी निघत होत्या. त्याला ना नागपूर आडवं आलं ना मुंबई!

पुढं शेरा आला डासांचा. टाक्याला झाकण दाखवा. मास्तरांनी झाकण दाखवलं. मग झाकणाला जाळी दाखवा. जाळी दाखवली. मग मापात फूट जाऊन मीटर आले, आणि शेरा पडला की नकाशा फुटांत आहे. या एकाच शेऱ्यावर मास्तर खूश झालेले मी पाहिले. रात्रभर बसून त्यांनी सारा नकाशा मीटरमध्ये काढला. माणसाचा छळ चालला आहे आणि माणूस अपूर्णांक सोडवत बसला आहे! मला तेव्हा ऑफिसचा राग यायला लागला होता. आणि खोटं कशाला बोलू, मास्तरांचाही.

कारण तिकडे अंगणात चुन्याचा चौकोन होता.

पहिला अर्ज दिला त्याच दिवशी मास्तरांनी अंगणात टाक्याच्या मापाचा चौकोन फक्कीनं आखला होता. पाऊस पडला की रेघ पुसायची, ते पुन्हा आखायचे. आणि त्या चौकोनात पाय ठेवायचा नाही, असा घरात कायदा. "टाक्यातून जाऊ नका," म्हणायचे. पाहुणे आले तरी वळसा घालून जायचे. मांजर आत बसलं तर हाकलायचे. दारातून स्वयंपाकघरात जायची सरळ वाट त्या चौकोनातून होती, म्हणून डोक्यावर भरली घागर घेतलेल्या काकूसुद्धा, पाय ओढत, त्या नसलेल्या टाक्याला वळसा घालायच्या. मी एकदा बोललो, "मास्तर, काकूंना तरी सरळ जाऊ द्या." ते म्हणाले, "आजपासून सवय लागली की बांधल्यावर धडपडणार नाही." काकूंनी डोक्यावरच्या घागरीखालून नुसतं माझ्याकडं पाहिलं.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ओव्हरसियर एकदाचा जागा पाहायला आला. माणूस भला. अंगणात आला, चुन्याची रेघ पाहिली, तिच्यावर पाय पडू नये म्हणून तोही वळसा घालून गेला. काकूंनी दिलेला चहा प्याला. आणि ऑफिसात येऊन काय सांगितलं?

"बडे बाबू, टाकं नाही तिथं."

बडे बाबूंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तपासणीचा छापील अहवाल होता तो दंडाच्या प्रकरणांसाठीचा. त्यात दोनच जागा होत्या, बांधकाम आढळले, बांधकाम आढळले नाही. ते म्हणाले, "लिही बाबू. जागेवर टाके आढळून आले नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

मी लिहिलं.

माझ्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती. 'बडे बाबू, टाकं बांधायचीच परवानगी मागून राह्यले ते, टाकं असन कसं?' एवढं एक वाक्य बोललो असतो तर नोकरी गेली नसती. शिव्या खाल्ल्या असत्या फार तर. पण जेवायची वेळ झाली होती. मी नवा टाक घेतला, शाई नीट ढवळली आणि माझ्या उत्तम अक्षरात ते वाक्य लिहिलं. एक प्रत फायलीला लावली. दुसरी बडे बाबूंनी माझ्याच हाती दिली. "तू तिथंच राह्यतं ना? देऊन देजो."

मास्तरांनी सपरीत उभं राहून कागद वाचला. अक्षर ओळखलं, ते मला दिसलं. बोरू कोणी तासून दिला होता ते त्यांना माहीत नसेल तर कोणाला? त्यांनी कागदाची घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. आतून काकूंनी विचारलं, "काय म्हनते ऑफिसवाले?"

"निकाली काढला म्हणतात. अपील करू."

"कोनं काढला निकाली?"

मास्तर म्हणाले, "ऑफिसनं."

अपील गेलं, आणि पाऊस आला. आषाढातली सकाळ. झड लागलेली. मी सपरीत छत्रीची काडी नीट करत उभा होतो. काकू विहिरीवरून आल्या, डोक्यावर पोत्याची खोळ, तिच्यावर घागर. वरून टिनाचं पाणी बदाबदा अंगणात कोसळत होतं, नालीनं वाहून जात होतं. त्या वाहत्या पाण्यातून त्या पिण्याचं पाणी घेऊन चालल्या होत्या! चुन्याची रेघ पावसानं कधीच धुऊन गेली होती. पण पायांना वळसा पाठ झाला होता ना. त्या कडेनं गेल्या. कडेला नालीजवळ शेवाळ. पाय सटकला, घागर लांब जाऊन पडली आणि काकू नालीच्या दगडावर कमरेवर आपटल्या.

आम्ही त्यांना उचलून बाजेवर घातलं. नेताना मी आणि मास्तर त्या चौकोनातून सरळ गेलो. पुढं अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, बाई बसतील, पण चालायचं आता नाव नको.

भेटायला आलेल्या बाया विचारायच्या, कशा पडल्या हो काकू? बाजेवर पडल्या पडल्या त्या म्हणायच्या, "पडाले कोनाची परवानगी लागत नाही ना माय. म्हनून लवकर पडली." बाया हसायच्या. मास्तर उठून अंगणात जायचे. पाऊस मोजायचं मात्र त्यांनी सोडलं होतं. डब्यात पाणी भरून वाहत राहायचं.

अकोल्याहून आल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी खणल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आलो. मास्तर चौकोनात उभे होते. दोन्ही पाय आत! हातात सब्बल. अंतर्गळाचा माणूस, कपाळावरच्या शिरा फुगलेल्या. मी सब्बल काढून घेतली आणि खणायला लागलो. दुपारी मेडशीचा मिस्त्री आला. पावसानं उघडीप दिली होती. आठ दिवसांत टाकं उभं राहिलं, पन्हाळी लागली, झाकण बसलं, झाकणाला जाळीसुद्धा. पोळ्याच्या आत टाकं काठोकाठ भरलं. आता सांगा, आठ दिवसांचं काम होतं ना ते? आठ दिवसांचं!

जे ऑफिस तीन वर्षं हललं नाही, ते तीन दिवसांत हललं. फॉर्म छापील होता ना! 'विनापरवाना बांधकाम केल्याबद्दल घरमालक यांनी समक्ष हजर राहावे.' घरमालक म्हणजे काकू. नोटीस लिहायची पाळी कोणाची? माझी. मी बडे बाबूंना म्हणालो, बाई उठू शकत नाही. ते म्हणाले, "माह्या मनात काई नाही बाबू. पन फॉर्मात समक्ष लिहिलं हाय." पुन्हा लिहिली. दोनदा एकच पाप केलेला माणूस आहे मी.

मास्तर जाऊन दंड भरून आले असते, ऑफिसनं तेवढं खपवून घेतलं असतं. काकूच ऐकेनात. "मले बलावलं हाय ना? मी जाईन. सही कायले शिकली मंग?" बंडीत गादी घातली. मास्तरांचे चार जुने विद्यार्थी आले, त्यांनी काकूंना खुर्चीसकट उचलून ऑफिसात आणलं आणि बडे बाबूंच्या टेबलासमोर ठेवलं. मास्तर मागं टोपी हातात घेऊन उभे. त्यांना उघड्या डोक्यानं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बडे बाबूंनी फॉर्म पुढं ओढला. फॉर्मात पहिला प्रश्न छापलेला होता, तो त्यांनी वाचला.

"काहून हो बाई, बांधायच्या आधी परवानगी काहून नाही घेतली?"

मी मास्तरांकडं पाहिलं. वाटलं, आता हा माणूस बोलेल, तीन वर्षांचं सारं बोलेल. मास्तर जमिनीकडं पाहत होते. तेव्हा माझ्यातलं काय तुटलं कोण जाणे, मी उठलो, कपाटातून ती फाईल काढली आणि बडे बाबूंच्या पुढ्यात दाणकन आपटली. दौत उडाली.

"हे पाहा काहून ते! वाचा! तीन वर्सं मागून राह्यले ते!"

बडे बाबू घाबरले नाहीत, रागावलेही नाहीत. शाई टिपली, फाईल उघडली, सवयीनं शेवटचा कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. "जागेवर टाके आढळून आले नाही. सबब अर्ज निकाली. हे पाहा ना बाई, अर्ज तं निकाली निंघाला व्हता. परवानगी नाही भेटली, तरी बांधलं."

काकूंनी हात पुढं केला. "पाहू तो कागद."

त्यांना नावापलीकडं वाचता येत नव्हतं. तरी कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, पाटीवर फिरवायच्या तसं. मग विचारलं, "हे लिहिलं कोनं?"

मास्तर चटकन म्हणाले, "ऑफिसनं."

"ऑफिसले हात असते काय?"

मी म्हणालो, "मी लिहिलं, काकू."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर आज एवढ्या वर्षांनी मी हे सांगत बसलो नसतो. त्यांनी टाक मागितला, दंडाच्या फॉर्मवर सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली, आणि तो कागद माझ्या हातात परत देत, मागं उभ्या मास्तरांकडं मानेनं दाखवत म्हणाल्या,

"अक्षर लय चांगलं हाय बाबू तुह्यं. यायनंच शिकोलं असन."